शेअरबाजाराची ओळख तरुणांना कशी करून द्यावी

(माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय माझ्याकडे सोपविताना संयोजकांनी एक अट घातली. कोणता शेअर घ्यावा, हे येथे सांगावयाचे नाही. ही अट मी आनंदाने स्वीकारली आहे. एक तर अशी शिफारस करण्यासाठी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाकडे, म्हणजे ज्याला आपण सेबी म्हणतो त्या संस्थेकडे, रीतसर नोंदणी लागते आणि ती माझ्यापाशी नाही. दुसरे असे की, 'काय घ्यावे' हा या विषयातील शेवटचा प्रश्न आहे आणि आपल्याकडील मुले तोच पहिला म्हणून विचारतात.

एक काळ असा होता की शेअर विकत घेणे ही गोष्टच खटाटोपाची होती. दलाल गाठावयाचा, छापील प्रमाणपत्रे टपालाने मागवावयाची, हस्तांतरणाच्या अर्जावर सही जुळली नाही की कागद परत यावयाचे. १९९६ साली निक्षेपागारांचा कायदा झाला आणि कागदी प्रमाणपत्रांची जागा डीमॅट खात्यातील नोंदीने घेतली. २०२३ च्या जानेवारीपासून तर शेअरांचा व्यवहार दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पुरा होऊ लागला. आज सत्तरीतील किंवा काणकोणातील अठरा वर्षांचा मुलगा हातातल्या मोबाईलवरून खाते उघडतो आणि शेअर घेतो. ही सोय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परंतु दार सताड उघडले आणि आत काय आहे हे सांगणारा कोणी उंबऱ्यावर उभा नाही, अशी स्थिती आहे. ते काम शाळेचे आहे असे मला वाटते. घरात विचारावे तर वडील म्हणतात, 'हा जुगार आहे, नाद सोड.' मोबाईलवर पाहावे तर कोणी अनोळखी इसम महिन्यात दामदुप्पट करून देतो. या दोघांच्या मध्ये मुलगा एकटा सापडतो.

आता मूळ गोष्टीकडे वळू. शेअर म्हणजे काय, हे समजाविण्यासाठी गोव्यातील शिक्षकाला मुंबईचे उदाहरण घेण्याची गरज नाही. जुन्या काबिजादीतील गावांत कोमुनिदाद आहे. तिच्या शेतांची पावणी होते, उत्पन्न येते, त्यातून खर्च आणि देणी भागविली जातात आणि उरलेल्या रकमेतून गावकरांना झोण मिळते. कित्येक कोमुनिदादींत गावकरांबरोबर भागधारकही आहेत आणि त्यांना आपापल्या भागांच्या प्रमाणात वाटा मिळतो. गावकरीचा हक्क जन्माने येतो. भाग मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ज्या वर्षी खारे पाणी शेतात शिरले, त्या वर्षी वाटणीला काही उरत नाही आणि त्याबद्दल कोणी कोमुनिदादीवर फसवणुकीचा आरोप करीत नाही. मालकीचा अर्थच हा आहे: आधी सर्वांची देणी द्यावयाची आणि उरेल ते मालकाचे. उरले नाही तर मालकाचे काही नाही.

कंपनीचा भागधारक याच रांगेत उभा असतो. समजा, काजूवर प्रक्रिया करणारा एक कारखाना काढण्यास एक कोटी रुपये हवे आहेत. दहा रुपयांचा एक याप्रमाणे दहा लाख भाग काढले. तुम्ही हजार रुपये देऊन शंभर भाग घेतले. तुम्ही त्या कारखान्याच्या दहा हजाराव्या हिश्श्याचे मालक झालात. कामगारांचे वेतन, बागायतदारांचे पैसे, बँकेचे व्याज, सरकारचा कर, हे सारे भागल्यावर वर्षाअखेर वीस लाख नफा उरला, तर प्रत्येक भागाच्या वाट्याला दोन रुपये आले. संचालकांनी ठरविले की एक रुपया लाभांश म्हणून वाटू आणि एक रुपया नव्या यंत्रासाठी ठेवू. तुमच्या हाती शंभर रुपये आले आणि दुसरे शंभर तुमच्याच कारखान्यात राहिले. कारखाना बुडाला तर तुमचे हजार रुपये जातील. पण बँकेचा माणूस कारखान्याच्या कर्जासाठी तुमच्या घरी येणार नाही. ही मर्यादित जबाबदारीची सोय नसती, तर अनोळखी माणसांच्या धंद्यात सामान्य माणसाने कधी पैसा घातलाच नसता. हा हिशेब मुलांनी फळ्यावर स्वतः मांडावा. आठवीच्या गणितापलीकडचे त्यात काही नाही.

यापुढची गोष्ट मोठ्यांच्याही लक्षात येत नाही, म्हणून थोडी सावकाश सांगतो. कंपनी प्रथम भाग विक्रीस काढते तेव्हा नव्या भागांचे पैसे कंपनीकडे जातात. त्यानंतर बाजारात रोज जी खरेदीविक्री चालते, तिच्यातील एक पैसाही कंपनीला मिळत नाही. तो विकणाऱ्याला मिळतो. म्हणजे तुम्ही जेव्हा उत्साहाने एखादा शेअर घेता, त्याच क्षणी दुसरा कोणीतरी तितक्याच समजुतीने तो विकत असतो. त्याला काय ठाऊक असेल, हा प्रश्न घेणाऱ्याने स्वतःला एकदा तरी विचारावा.

आणि भाव ठरतो कसा? आपल्या देवळांत उत्सवाच्या वेळी पावणी होते. केळ्यांच्या घडाला बाजारात जी किंमत येईल तिच्या कितीतरी पट बोली तेथे चढते. ती बोली भक्तीची असते, घड पुन्हा विकण्याचा विचार कोणाच्या मनात नसतो, म्हणून तिच्यात काही वावगे नाही. पण कल्पना करा की हाच घड उद्या आणखी चढ्या भावाने कोणीतरी घेईल, या एकाच आशेवर लोक बोली लावू लागले. मग केळी किती आणि पिकली किती याकडे कोणी पाहणार नाही; शेजारी किती बोलतो याकडेच सर्वांचे डोळे लागतील. शेअरबाजारात असे दिवस वारंवार येतात. भाव म्हणजे त्या क्षणी दोन माणसांचे जमलेले मत होय. मोल हे त्या कारखान्याच्या कमाईतून येते. दीर्घ काळात ही दोन्ही एकमेकांजवळ येत जातात. पण मधल्या काळात ती वर्षानुवर्षे दूर राहू शकतात.

याचा पहिला मोठा धडा मुंबईने गिरविला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि पश्चिम भारतातील कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नवनव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे भरावाच्या कंपनीचा भाग मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकला जाऊ लागला. कारकून, व्यापारी, सरकारी अधिकारी सारेच त्यात होते. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, त्या वर्षीच्या जुलैत देणी चुकती करण्याचा दिवस आला आणि मोठमोठ्या पेढ्या बसल्या. त्या तेजीचे नायक प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मुंबईला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो; तो या कथेचा साक्षीदार आहे हे फारच थोड्यांना माहीत असते. पुढे १८७५ साली दलालांनी एकत्र येऊन जी संघटना स्थापली, तीच आजचा मुंबई शेअरबाजार होय. इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की अमेरिकन यादवी युद्ध शिकविताना ही पाच मिनिटे अवश्य खर्च करावीत.

आपल्या काळातही हेच घडले. सेन्सेक्स या निर्देशांकाचे मूळ वर्ष १९७८-७९ असून त्याचा आरंभीचा आकडा शंभर आहे. १९९२ च्या एप्रिलमध्ये तो ४,४६७ वर गेला. बँकांचे पैसे रोख्यांच्या व्यवहारांतून गैरमार्गाने बाजारात आले होते. घोटाळा उघडकीस आला आणि तेजी ओसरली. पुढे अकरा वर्षांनी, २००३ च्या एप्रिलअखेर, हा निर्देशांक तीन हजारांच्याही खाली होता. 'शेअरमध्ये पैसा वाढतोच' असे सरसकट सांगणाऱ्याला हे दोन आकडे दाखवावेत. याच्या उलट, 'शेअरमध्ये पैसा बुडतोच' असे सांगणाऱ्याला आणखी दोन आकडे दाखवावेत: २३ मार्च २०२० रोजी महामारीच्या भीतीने सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंकांहून अधिक कोसळून २५,९८१ वर थांबला आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याने ८५,००० ओलांडले. मूळच्या शंभरापासून हिशेब केला तर ही वाढ वर्षाला सरासरी सोळा टक्के चक्रवाढीच्या आसपास येते. मात्र येथे एक मेख आहे आणि ती मुलांना जरूर दाखवावी. निर्देशांकातील तीस कंपन्यांची यादी बदलत असते. आरंभीच्या यादीतील अनेक नावे आज तीत नाहीत. खंगलेली कंपनी यादीतून जाते आणि वाढणारी आत येते. निर्देशांक वाढला म्हणून तुमच्या हातातील कंपनी वाढेलच असे नाही.

एकाच कंपनीवर सारा भार टाकण्याचे परिणाम सांगण्यासाठी हैदराबादच्या सत्यम कंपनीचे उदाहरण पुरेसे आहे. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या घरात असलेला भाग त्या एका दिवसात चाळीसच्या आसपास आला. हिशेबांवर नामांकित लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. घरात बसून ताळेबंद वाचणाऱ्या कोणालाही ते ओळखणे कठीण होते. अशा धोक्यावर उपाय एकच, तो म्हणजे भार विभागणे.

परंतु हे समजण्यासाठी आपल्याला हैदराबादेला तरी कशाला जावयास हवे? २०१२ च्या सप्टेंबरात आपल्या राज्यातील खाणी बंद झाल्या. पुढे त्या काही प्रमाणात सुरू झाल्या, तो २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ८८ खाणपट्ट्यांचे काम पुन्हा थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील शिक्षकांनी त्या वर्षांत वर्गातील मुलांचे चेहरे पाहिले आहेत. घरातील एकाची नोकरी खाणीवर, दारातला कर्जाचा ट्रक खाणीवर, आणि शिल्लक टाकलेले चार पैसे खाणकंपनीच्याच शेअरांत, अशी घरे होती. त्यांची हुशारी कमी नव्हती. त्यांना परिचयाचा धंदा सुरक्षित वाटला, इतकेच. ज्या धंद्यावर आपले पोट चालते, त्याच धंद्यात आपली बचतही गुंतवू नये, हा नियम मी मुंबईच्या पुस्तकांतून शिकविण्याऐवजी या भागांतील अनुभवावरूनच शिकवीन.

भार विभागण्याचा सोपा मार्ग म्हणजे म्युच्युअल फंड. अनेकांचे थोडेथोडे पैसे एकत्र करून ते पुष्कळ कंपन्यांत गुंतवावयाचे. आपल्या देशात याचा आरंभ युनिट ट्रस्टने १९६४ साली केला. कित्येक निवृत्त शिक्षकांच्या कपाटात त्या युनिटांचे कागद अजून असतील. त्यांतही निर्देशांकातील सर्व कंपन्या त्याच प्रमाणात धरून ठेवणारा फंड असतो; त्याचा खर्च कमी असतो आणि तो समजण्यास सुलभ आहे. वर्गात शिकविण्यास मला तोच सर्वांत योग्य वाटतो. त्यात जोखीम नाही असे नव्हे. २०२० च्या मार्चमध्ये तोही कोसळलाच होता. बँकेतील ठेवीवर २०२० च्या फेब्रुवारीपासून पाच लाखांपर्यंत विमा लागू झाला; शेअरांच्या किंवा फंडाच्या भावाला असा कोणताही विमा नाही. म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बँकेत, घरात आजारपणाची तरतूद, आणि पाचसात वर्षे हात लावावा लागणार नाही असा पैसा उरला तरच या बाजारात, हा क्रम मुलांच्या मनावर ठसला पाहिजे. बहिणीच्या लग्नाचा किंवा महाविद्यालयाच्या शुल्काचा पैसा हा असा पैसा नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे व्याख्यान मुख्यतः स्वीकारले, तिच्याकडे येतो.

आपली तरुण मुले बाजारात शिरतात ती शेअर घेण्यासाठी नव्हे. वायदे आणि पर्याय नावाच्या करारांकडे ती खेचली जातात. पर्याय म्हणजे काय ते काजूच्याच भाषेत सांगतो. हंगामाला एक महिना आहे. एका व्यापाऱ्याने बागायतदाराला थोडा विसार दिला आणि ठरविले की महिन्याने काजूबी दीडशे रुपये किलोने घेण्याचा हक्क माझा. घेतलेच पाहिजे असे बंधन नाही. भाव दोनशे झाला तर व्यापाऱ्याचा फायदा. भाव दीडशेच्या वर गेला नाही तर विसार बुडाला. बागायतदाराला भावाच्या चढउतारापासून थोडे संरक्षण मिळते, आणि करार मुळात त्यासाठीच जन्मला. पण विसार देणाऱ्याला काजू नको आहे, घेणाऱ्याकडे काजू नाही आणि महिन्याऐवजी मुदत दोन दिवसांची किंवा दोन तासांची आहे, असे झाले म्हणजे त्यात आणि मटक्याच्या आकड्यात कायद्याचा फरक राहतो, स्वभावाचा राहत नाही.

हे माझे कडवट मत आहे असे कोणी म्हणू नये, म्हणून सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीचे आकडे देतो. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा करारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. माणशी सरासरी सुमारे दोन लाख. या आकड्यात दलाली आणि इतर खर्च धरलेले आहेत. दोन लाख म्हणजे एखाद्या मध्यम घराची कित्येक वर्षांची शिल्लक. शंभरांच्या वर्गात सात जण उत्तीर्ण होतील अशी परीक्षा असती, तर पालकांनी तिला आपली मुले बसविली असती काय? शिवाय मोबाईलवर आपल्याला त्या सातांचीच छायाचित्रे दिसतात. उरलेले त्र्याण्णव आपली कहाणी कोणाला सांगत नाहीत. आईलाही नाही.

तोट्याचे गणितही सरळ नसते. शंभराचे पन्नास झाले तर तोटा पन्नास टक्के. पण पन्नासाचे पुन्हा शंभर व्हावयास वाढ शंभर टक्के लागते. हे ज्याला उमजले नाही तो पहिला तोटा भरून काढण्यासाठी दुप्पट रक्कम लावतो आणि ती बहुधा उसनी असते.

फसवणुकीच्या योजनांविरुद्धही गणितच कामी येते. कोणी 'दरमहा पाच टक्के हमखास' असे म्हणाला की मुलांना वही काढावयास सांगा. दरमहा पाच टक्के चक्रवाढीने वर्षाला साठ नव्हे, जवळजवळ ऐंशी टक्के होतात. एक लाखाचे दहा वर्षांत साडेतीन कोटींच्या आसपास होतात. ज्याला ही विद्या साध्य आहे, त्याला आपल्या दहा हजारांची गरज का पडावी, एवढा एक प्रश्न मुलाने विचारला तरी पुष्कळ झाले. अलीकडे मोबाईलवरील गटांत खोटी खाती दाखवून, त्यांत फुगलेला नफा दाखवून, तो काढण्यासाठी 'कर' म्हणून आणखी पैसे मागण्याचा प्रकार चालतो. खरी दलाली संस्था कोणा व्यक्तीच्या खात्यात पैसे भरावयास सांगत नाही आणि तिचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत पडताळून पाहता येतो.

शाळांतून 'आभासी शेअरबाजार' नावाच्या स्पर्धा घेण्याची एक टूम आहे. खोटे एक लाख रुपये द्यावयाचे आणि सहा आठवड्यांत ज्याचे सर्वाधिक झाले त्याला बक्षीस. हेतू चांगला असला तरी मला ही स्पर्धा अनिष्ट वाटते. सहा आठवड्यांत पहिला क्रमांक मिळविण्याचा मार्ग म्हणजे सारी रक्कम एकाच चंचल शेअरावर लावणे. म्हणजे जे करू नये असे आपण शिकवितो, नेमके त्यालाच आपण बक्षीस देतो. २०२४ च्या मे महिन्यात सेबीनेही अशा खेळांना बाजारातील चालू भाव पुरविण्यास मनाई केली. त्याऐवजी मी असे सुचवीन: एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. मुलांचे चार गट करावेत. एका गटाने विक्री आणि नफा मागील पाच वर्षांत कसा बदलला ते काढावे, दुसऱ्याने कर्ज किती आणि व्याज किती ते पाहावे, तिसऱ्याने लेखापरीक्षकाचा अभिप्राय वाचावा, आणि चौथ्याने प्रवर्तकांनी आपले किती भाग गहाण टाकले आहेत ते शोधावे. भाव शेवटपर्यंत सांगू नये. 'हा सारा कारखाना विकत घ्यावयाचा तर तुम्ही किती द्याल?' असे विचारावे आणि मग बाजारातील किंमत फळ्यावर लिहावी. त्या दिवशी वर्गात जो वाद होईल, तो पुढील वर्षापर्यंत मुले विसरणार नाहीत.

चहाच्या वेळी काही प्रश्न माझ्याकडे आले. त्यांतील दोहोंना उत्तर देऊन थांबतो.

एका भगिनीने विचारले आहे की मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याच्या नावे खाते काढता येईल काय? १८७२ च्या करार कायद्यान्वये अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. म्हणून खाते मुलाच्या नावे असले तरी ते पालकाने चालवावयाचे असते आणि मुलगा सज्ञान झाला की नव्याने कागदपत्रे द्यावी लागतात. या दोन वर्षांत त्याच्यासमोर बसून व्यवहार करावेत. आपले सांकेतिक क्रमांक मात्र त्याच्या हाती देऊ नयेत.

दुसरा प्रश्न पंचायतीच्या एका सदस्यांचा आहे: वडिलांच्या पेटीत जुनी कागदी प्रमाणपत्रे सापडली आहेत, ती रद्दी झाली काय? रद्दी झाली असे समजू नये. ती डीमॅट खात्यात वळविता येतात. वडील हयात नसल्यास वारसाचे कागद लागतात. सात वर्षे लाभांश घेतलेला नसल्यास ते भाग केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. तेथून ते परत मागण्याची रीत आहे आणि अर्जाला शुल्क नाही. मधला कोणी मनुष्य टक्केवारी मागत असेल, तर आधी कंपनीच्या निबंधकाला स्वतः पत्र लिहावे. त्याचा पत्ता कंपनीच्या वार्षिक अहवालात दिलेला असतो.